संभाषण-सर्व्हरचा अक्षरनियम : एक ऐतिहासिक टिपण

१

दोन माणसे समोरासमोर बोलू लागली म्हणजे कोणत्या भाषेत बोलावयाचे हे ती सहसा ठरवून घेत नाहीत. ते बहुधा ठरलेलेच असते. यंत्रामार्फत बोलणाऱ्यांना मात्र भाषेच्याही अगोदर अक्षर ठरवावे लागते. अमुक संख्या म्हणजे अमुक अक्षर, असा संकेत दोन्ही टोकांना एकच असल्यावाचून एकाचे लिहिणे दुसऱ्यास वाचता येत नाही. हा संकेत कोणीतरी, कोठेतरी, आपल्या सोयीसाठी केलेला असतो, आणि पुढे तो जगभर पसरला तरी त्याच्या जन्मस्थानाची खूण त्यात शिल्लक राहते. प्रस्तुत टिपणात अशाच एका खुणेचा मागोवा घ्यावयाचा आहे. फिनलंडमधील एका विद्यापीठात १९८८ साली जन्मलेल्या संभाषणपद्धतीच्या नियमात फिनिश वर्णमाला कशी शिरली, आणि आमच्या विभागातील जुन्या संगणकांवर ती पद्धत उभी करताना मराठीशी तिची गाठ कशी पडली, हा या टिपणाचा विषय आहे.

आमच्या विभागात विंडोज ९८ या कार्यप्रणालीवर चालणारे आठ संगणक दोन खोल्यांतून मांडलेले आहेत. ते टाकून देता येत नाहीत. कारण बोलींच्या पाहणीतील शब्दपत्रे ज्या माहितीकोशात भरलेली आहेत, तो नव्या प्रणालींवर चालत नाही. शब्दपत्रे कृतिदेव ०१० या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली आहेत. ती युनिकोडमध्ये उतरविण्याचे काम चालू असता मूळ पडद्यावरील अक्षर आणि रूपांतरित अक्षर ताडून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना एकमेकांस वारंवार विचारावे लागे. ‘येथे ह्रस्व आहे की दीर्घ?’, ‘हे अर्धे अक्षर तुमच्याकडे कसे दिसते?’ अशा प्रश्नांसाठी एका खोलीतून दुसरीत जाणे त्रासाचे होते; शिवाय तोंडी झालेला निर्णय मागे नोंद ठेवीत नाही. म्हणून स्थानिक जाळ्यावर एक संभाषण-सर्व्हर उभा करावा असे ठरले.

२

जाळ्यावरील लेखी संभाषणाचा इतिहास संक्षेपाने पाहणे येथे आवश्यक आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची संगणकीय शिक्षणयोजना चालत असे. डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी १९७३ साली तीवर ‘टॉकोमॅटिक’ हा कार्यक्रम रचला. त्यात पडद्याचे आडवे भाग पाडून प्रत्येक बोलणाऱ्यास एकेक भाग दिलेला असे, आणि प्रत्येकाचे लिहिणे अक्षराअक्षराने इतरांस दिसे. १९८३ च्या बर्कली युनिक्समधील ‘टॉक’ या कार्यक्रमाचीही रीत तीच होती. फक्त तेथे बोलणारे दोघेच असत. या पद्धतीत समोरच्याचे अडखळणे, खोडणे, शब्द बदलणे हे सारे डोळ्यांसमोर घडे, आणि एकाचे वाक्य पुरे होण्यापूर्वी दुसरा उत्तर लिहू लागे.

ओळ हे संभाषणाचे एकक मानण्याची रीत याहून वेगळी आहे. तीत लिहिणारा आपले वाक्य आपल्यापुरते पूर्ण करतो, ‘एंटर’ची कळ दाबतो, आणि मगच ते सर्वांपुढे येते. सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन यांनी १९७४ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात बोलण्याच्या पाळीची जी व्यवस्था वर्णिली, ती समोरासमोरच्या बोलण्याची होती. पाळी संपत आल्याचे तेथे स्वरावरून व वाक्यरचनेवरून ओळखता येते. ओळीच्या पद्धतीत हे काम एका कळीकडे जाते. म्हणून तीत दोघांची वाक्ये एकमेकांवर आदळत नाहीत. पण प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये तिसऱ्याचे वाक्य येऊन बसते, आणि ‘हो’ हे नेमके कोणाला, असा प्रश्न उरतो.

‘इंटरनेट रिले चॅट’ ही पद्धत ओळीच्या वर्गात मोडते. उत्तर फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये तिचा पहिला सर्व्हर चालू केला. त्या विद्यापीठातील माहितीप्रक्रिया विभागाच्या एका सन यंत्रावर ‘ओउलूबॉक्स’ नावाचे सूचनाफलक-केंद्र होते. त्यावरील बहुजनसंभाषणाचा जुना कार्यक्रम बदलून त्या जागी अधिक चांगला बसवावा, एवढाच मूळ हेतू होता. त्यापूर्वी बिटनेट या जाळ्यावर जेफ केल यांनी १९८५ साली रचलेल्या ‘रिले’ या संभाषणपद्धतीचा आदर्श ओइकारिनेन यांच्यापुढे होता. थोडक्यात, पुढे जगभर पसरलेली ही पद्धत एका विद्यापीठ-विभागाच्या स्थानिक गरजेतून निघाली. तिचे नियम ओइकारिनेन आणि डॅरेन रीड यांनी मे १९९३ मध्ये लेखनिविष्ट केले. इंटरनेटच्या नियमपत्रांत त्या लेखाचा क्रमांक १४५९ आहे. केवळ एकाच सर्व्हरपुरत्या असलेल्या दालनासाठी त्यात निराळे प्रारंभचिन्ह राखून ठेवलेले आहे. स्थानिक वापराचा विचार मूळ नियमातच होता, हे यावरून ध्यानी येईल.

३

आता प्रत्यक्ष उभारणीकडे वळू. विंडोज ९८ मध्ये ‘विनपॉपअप’ नावाचा एक लहानसा संदेश-कार्यक्रम प्रणालीबरोबरच येतो. आम्ही प्रथम तोच वापरून पाहिला. त्यातून एका यंत्राला किंवा संपूर्ण कार्यगटाला चिठ्ठी धाडता येते. परंतु घेणाऱ्याच्या यंत्रावर तो कार्यक्रम त्या वेळी उघडा असावा लागतो, आणि चिठ्ठ्यांची सलग नोंद राहत नाही. आमचा मुख्य हेतू नोंदीचाच असल्यामुळे हा मार्ग सोडावा लागला.

सर्व्हरसाठी आम्ही पायथन या संगणकभाषेत एक लहान कार्यक्रम लिहिला. विंडोज ९८ वर चालणारी पायथनची शेवटची मालिका २.५ ही होय. ती सप्टेंबर २००६ मध्ये निघाली, आणि त्यापूर्वी दोनच महिने, ११ जुलै २००६ रोजी, विंडोज ९८ चे अधिकृत साहाय्य संपलेले होते. अशा प्रणालीतील दोष यापुढे कोणी दुरुस्त करणार नसल्यामुळे ती इंटरनेटला जोडणे धोक्याचे आहे. म्हणून दोन्ही खोल्यांचे जाळे बाहेरच्या जाळ्यापासून पूर्णपणे तोडून ठेवले. रूपांतरित मजकूर बाहेर न्यावयाचा तो तबकडीवरून.

उभारणीतील पायऱ्या मोजक्या आहेत. प्रत्येक यंत्रास खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेल्या, १९२.१६८ ने आरंभ होणाऱ्या पत्त्यांपैकी एक ठरावीक पत्ता द्यावा. तो न दिल्यास विंडोज ९८ आपणच १६९.२५४ ने आरंभ होणारा एखादा पत्ता घेते, आणि सर्व्हरचा पत्ता बदलता असला तर इतरांनी त्यास शोधावे कोठे? सर्व्हरने ६६६७ या द्वारावर ऐकत राहावे, असा रूढ प्रघात आहे. युनिक्समध्ये १०२४ च्या खालची द्वारे केवळ व्यवस्थापकास उघडता येत. त्यामुळे सामान्य वापरकर्त्यास चालविता येईल असे वरचे द्वार रूढ झाले. विंडोज ९८ मध्ये असा अधिकारभेदच नाही, तथापि प्रघात आम्ही पाळला.

जोडणी झाल्यावर येणारा आपले टोपणनाव सांगतो, आपला परिचय देतो आणि मग एखाद्या दालनात प्रवेश मागतो. सर्व्हर मधूनमधून ‘पिंग’ अशी हाक देतो. त्यास ‘पाँग’ असे उत्तर न आल्यास माणूस निघून गेला असे समजून त्याचे नाव पटावरून काढतो. व्याख्यानवर्गातील हजेरीहून ही रीत फारशी वेगळी नाही.

जुन्या प्रणालीची दोन वैगुण्ये सांगितली पाहिजेत. पहिले हे की, विंडोज ९८ मध्ये प्रवेशाच्या वेळी विचारलेला परवलीचा शब्द न देताही, एक कळ दाबून, आत जाता येते. म्हणजे यंत्रापुढे बसेल त्यास सर्व्हर बंद पाडता येतो. म्हणून सर्व्हरचा कळफलक कपाटात ठेवावा लागतो. दुसरे हे की, या प्रणालीत सहस्रांश सेकंद मोजणारा गणक ३२ द्विमान स्थळांचा आहे. सुमारे ४९.७ दिवसांनी तो भरून पुन्हा शून्यावर येतो, आणि मूळ प्रणालीत त्या सुमारास यंत्र गोठते. एवढे दिवस विंडोज ९८ चे यंत्र अखंड चालू राहणे हेच विरळ. आम्ही दर शनिवारी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतो, त्यामुळे हा प्रसंग येत नाही.

४

येथपर्यंत सर्व सुरळीत झाले. अडचण आली ती अक्षरांशी.

नियमपत्र १४५९ मध्ये कोणतीही विशिष्ट अक्षरसंकेतावली ठरवून दिलेली नाही. आठ द्विमान स्थळांचा एक बाइट, अशा बाइटांची ओळ, एवढेच संदेशाचे स्वरूप तेथे मानलेले आहे. ओळीची कमाल लांबी शेवटच्या दोन खुणांसह ५१२ बाइट. या उदासीनतेचा आम्हांस लाभच झाला. विंडोज ९८ मध्ये युनिकोड देवनागरीची अंगभूत सोय नाही. ती विंडोज २००० पासून आली. परंतु कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये देवनागरीच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या व विरामचिन्हांच्या संख्यांवर बसविलेल्या असतात. रोमन ‘डी’च्या जागी ‘क’, ‘जे’च्या जागी ‘र’, अशी ती व्यवस्था. सर्व्हर संख्या वाहून नेतो, फॉन्ट त्या संख्यांना मराठी रूप देतो. दोन्ही टोकांना फॉन्ट एकच असला की १९९८ च्या यंत्रावर मराठीत विनासायास बोलता येते. मात्र त्याच खिडकीत येणाऱ्या सर्व्हरच्या इंग्रजी सूचनाही देवनागरी आकृत्यांत उमटतात आणि निरर्थक दिसतात.

संदेशाच्या मजकुराला सर्व्हर हात लावीत नाही. नावांना मात्र लावतो. टोपणनाव नऊ चिन्हांपर्यंतच असावे, त्याचा आरंभ रोमन अक्षराने व्हावा, आणि पुढे रोमन अक्षरे, अंक व काही थोडी चिन्हेच यावीत, असा नियम आहे. कृतिदेवमध्ये ‘राम’ आणि ‘सीता’ ही नावे केवळ रोमन अक्षरांच्या संख्यांवर बसतात, म्हणून त्यांना प्रवेश मिळतो. ‘यशवंत’ दारातच अडतो. कारण ‘य’ हे अक्षर अर्धविरामाच्या जागी आहे. ‘शांता’ अडते; कारण तिच्या ‘श’मध्ये अवतरणचिन्ह आहे. दालनाच्या नावाला अधिक मोकळीक आहे, परंतु स्वल्पविराम तेथेही वर्ज्य. तो दोन दालनांची नावे वेगळी करण्यासाठी राखलेला आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी दालनास ‘एकत्र’ असे नाव देऊ केले. कृतिदेवमध्ये ‘ए’ हे अक्षर स्वल्पविरामाच्याच जागी आहे. सर्व्हरने ‘एकत्र’ या शब्दाचे दोन तुकडे केले.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. टोपणनावांत आणि दालनांच्या नावांत रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर एकच मानले जाते. कृतिदेवची रचना रेमिंग्टन टंकयंत्राच्या कळफलकावर आधारलेली आहे, आणि त्या कळफलकावर पूर्ण अक्षर खालच्या जागी, तर अर्धे अक्षर बहुधा त्याच कळीच्या वरच्या जागी असते. परिणामी सर्व्हरच्या दृष्टीने ‘क’ आणि ‘क्’ हे एकाच वर्णाचे लहान-मोठे रूप ठरते. ‘न’ आणि ‘न्’, ‘म’ आणि ‘म्’ यांचेही तसेच. अंगभूत ‘अ’कार असणे आणि नसणे हा देवनागरीतील मूलभूत भेद, तो रोमन लिपीच्या लहान-मोठेपणात विरून जातो. ‘ह’ आणि ‘ळ’ यांचा तर ध्वनिदृष्ट्या काहीही संबंध नाही. परंतु तेही एकाच कळीवर असल्यामुळे सर्व्हरने एकरूप मानले.

५

एके दिवशी विद्यार्थ्यांनी गमतीने ‘खीर’ आणि ‘क्षीर’ अशी दोन दालने उघडावयाचे ठरविले, आणि सर्व्हरने दोहोंना एकच दालन मानले. हे टंकयंत्राच्या कळींवरून पुरतेपणी उलगडत नव्हते. कारण कृतिदेवमध्ये ‘ख्’ हा उघडणाऱ्या चौकटी कंसाच्या जागी, आणि ‘क्ष्’ हा उघडणाऱ्या महिरपी कंसाच्या जागी आहे. कळ दोहोंची एकच असली, तरी कंस हे अक्षर नव्हे. त्यास लहान-मोठे रूप कोठून येणार?

उत्तर नियमपत्रातच आहे. या पद्धतीचा उगम स्कँडिनेव्हियन असल्याचे कारण देऊन तेथे म्हटले आहे की, महिरपी कंस व उभी रेघ ही अनुक्रमे चौकटी कंस व तिरकी रेघ यांची लहान रूपे समजावीत. याचे मूळ सात द्विमान स्थळांच्या जुन्या संकेतावलीत सापडते. तीत एकूण १२८ जागा. इंग्रजीची अक्षरे, अंक व चिन्हे बसल्यावर इतर भाषांसाठी जागा उरत नसे. म्हणून निरनिराळ्या देशांनी कंसादी चिन्हांच्या जागा आपल्या विशेष अक्षरांना दिल्या. फिनलंड व स्वीडन येथे ९१, ९२ व ९३ या जागी अनुक्रमे डोक्यावर दोन बिंदू असलेला ‘ए’, दोन बिंदू असलेला ‘ओ’ आणि वर्तुळ असलेला ‘ए’ ही मोठी अक्षरे बसविली गेली, आणि १२३, १२४ व १२५ या जागी त्यांची लहान रूपे. रोमन लिपीत मोठ्या व लहान अक्षराच्या संख्यांत ३२ चे अंतर असते. येथेही तेच राखले आहे. म्हणजे ओउलूच्या विद्यार्थ्याला त्याच्या पडद्यावर कंस दिसतच नसे. त्याला आपल्या भाषेचे अक्षर दिसे, आणि त्याच्या लहान-मोठ्या रूपांना एक मानणे त्याला स्वाभाविक होते.

पुढे आठ द्विमान स्थळांच्या संकेतावली आल्या, फिनिश अक्षरांना स्वतंत्र जागा मिळाल्या, कंस पुन्हा कंस झाले. परंतु नियम राहिला. भाषेत एखादा उच्चार लोपल्यावरही लेखनात त्याची खूण टिकून राहते, तसाच हा प्रकार होय.

आता ‘खीर’ व ‘क्षीर’ यांच्याकडे पुन्हा पाहू. संस्कृत ‘क्ष’चा प्राकृतात ‘ख’ होणे, ‘क्षीर’पासून ‘खीर’ व ‘लक्ष’पासून ‘लाख’ येणे, ही मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणातील परिचित गोष्ट आहे; झ्यूल ब्लॉक यांच्या १९२० सालच्या ग्रंथातही तिची चर्चा आढळते. फिनिश वर्णमालेची सावली रेमिंग्टनच्या कळफलकावर पडली, आणि सर्व्हरने नकळत त्याच दोन शब्दांना एकत्र आणले. यातून कोणताही भाषाशास्त्रीय सिद्धांत निघत नाही. हा निव्वळ योगायोग आहे. यांत्रिक साम्य आणि ऐतिहासिक साम्य यांची गल्लत करू नये, हे विद्यार्थ्यांना शिकविण्यास मात्र याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

६

युनिकोडमध्ये ही अडचण उद्भवत नाही. त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली असून तीत ‘ख’ व ‘क्ष’ संख्येनेच भिन्न आहेत: ‘खीर’ तीन चिन्हांची, ‘क्षीर’ पाच चिन्हांचे. किंमत मोजावी लागते ती लांबीची. यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणून ‘खीर’ नऊ बाइटांची व ‘क्षीर’ पंधरा बाइटांचे होते. कृतिदेवमध्ये दोन्ही शब्द चारच बाइटांचे आहेत. ५१० बाइटांच्या ओळीत देवनागरीची १७० हून अधिक चिन्हे मावत नाहीत; आणि टोपणनावाच्या जुन्या नियमात तर देवनागरी नावाला स्थानच नाही.

आमच्या सर्व्हरमध्ये आम्ही नावांचे एकीकरण करणारा नियम काढून टाकला. परंतु सभासदाच्या बाजूचा कार्यक्रम जुना नियम पाळीत असला, तर घोटाळा तेथे उरतोच. संकेत एकट्याने बदलता येत नाही. म्हणून अखेरीस दालनांची नावे साध्या रोमन अक्षरांत ठेवली, आणि मराठी फक्त मजकुरात. प्रत्येक दिवसाच्या नोंदीच्या आरंभी एक ओळ सक्तीची केली: दिनांक, यंत्र, फॉन्टचे नाव आणि त्याचा क्रमांक.

ही शेवटची अट क्षुल्लक वाटेल. तिचे कारण सांगून हे टिपण संपवितो. जुन्या शब्दपत्रांचा एक गठ्ठा असा निघाला की, तो कृतिदेवमध्ये उघडत नाही. ज्या फॉन्टमध्ये तो लिहिला गेला त्याचे नाव कोणी नोंदलेले नाही, आणि तो फॉन्टही आमच्या कोणत्याच यंत्रावर नाही. बाइट जसेच्या तसे आहेत, एकही हरवलेला नाही. परंतु हे चिन्ह ‘ळ’ आहे की ‘ल’, हे ठरविण्यास चिन्हांची वारंवारिता मोजत, एखाद्या अज्ञात लिपीतील शिलालेख वाचावा तसे बसावे लागते. ज्या वृद्ध निवेदकांनी ते शब्द सांगितले त्यांपैकी काही आज हयात नाहीत. त्यांना पुन्हा विचारता येत नाही. ओउलूच्या नियमपत्रात निदान एक वाक्य लिहून ठेवलेले होते, त्यामुळे तीन दशकांनंतरही आम्हांस कंसांचे मूळ शोधता आले. आमच्या गठ्ठ्यावर तेवढेही वाक्य नव्हते. त्यातील बरीच चिन्हे आता उलगडली आहेत, काही अद्याप उलगडावयाची आहेत. त्या कामाची चर्चा दररोज दुपारी त्याच जुन्या यंत्रांवरील दालनात चालते, आणि तिची नोंद फॉन्टच्या नावासह ठेवली जाते.